नाव काढायचं नाही

दिनकर हिवरगावकर निवृत्त झाले, पण त्यांच्यातला न्यायाधीश काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. पुण्यात भाजीवालीनं कोथिंबिरीची जुडी लहान दिली तरी ते आधी तिची बाजू ऐकून घेत, मग स्वतःची मांडत आणि मगच निकाल देत. तोवर मागे रांग लागलेली असायची आणि लोक कपाळाला हात लावत. जिल्हा न्यायाधीशाचा सगळा रुबाब पेन्शनबरोबर घरी आला होता, आणि तो सांभाळायचं काम आता बायकोकडे, मृदुलाबाईंकडे होतं.

अशा माणसाच्या लेकीनं, सुनेत्रानं, नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनच्या विद्यापीठात पीएच.डी.ला विषय घेतला तो 'मध्ययुगीन इंग्लंडमधले न्यायाधीश आणि त्यांची घराणी'. झालं! दिनकररावांना आभाळ ठेंगणं झालं. "रक्तातच आहे," असं ते शेजारपाजाऱ्यांना सांगत सुटले. मृदुलाबाई म्हणाल्या, "न्यायाधीशच शोधायचे होते तर इंग्लंडपर्यंत कशाला जायचं? घरात एक होताच की."

दिनकररावांना स्वतःलाही एक संशोधन लागलं होतं. हिवरगावकर घराण्याचा कुलवृत्तांत ते लिहीत होते. त्यातलं पहिलं वाक्य त्यांनी घोटून घोटून पक्कं केलं होतं आणि त्याला कुणाला हात लावू देत नव्हते: 'हिवरगावचे मूळ वतनदार, तेच हिवरगावकर.' पुरावा विचारला तर म्हणत, "नाव आहे, तिथे आमची जमीन आहे, जमिनीवर पाटी आहे. आणखी काय ताम्रपट पाहिजे?" चुलतभाऊ राजन हा त्यांचा या कामातला उजवा हात. त्यानं तर 'वतनदार'च्या मागे 'शूर' असा शब्दही परस्पर घुसडून दिला होता.

तर लेक डॉक्टर होणार म्हणून नवराबायको ग्रोनिंगनला आले. मे महिना असूनही वारा असा की दिनकरराव घरातसुद्धा मफलर सोडायला तयार नव्हते. सुनेत्रा फिट्सवरून, म्हणजे आपल्या सायकलवरून, विद्यापीठात जायची, आल्बर्ट हाइन नावाच्या दुकानातून भाजी-दही आणायची आणि आल्यावर आईबाबांना तिथली रीत समजावून सांगायची. भर सभेत तिला प्रबंधाचा बचाव करायचा होता. आधी दहा मिनिटं सामान्य लोकांसाठी भाषण, मग झगे घातलेले प्राध्यापक येणार आणि पाऊण तास प्रश्न विचारणार. तिच्या पाठीशी दोन मैत्रिणी उभ्या राहणार, करवल्यांसारख्या. एक गुंजन, पुण्याचीच, आणि दुसरी डच, मारिके. पाऊण तास संपला की हातात दंड घेतलेला विद्यापीठाचा माणूस आत येऊन म्हणणार, 'होरा एस्ट', वेळ झाली. मग उत्तर अर्धवट असलं तरी थांबायचं.

"होरा?" मृदुलाबाई म्हणाल्या. "म्हणजे हे लोकही पत्रिका बघतात की काय?"

"अगं लॅटिन आहे ते!" दिनकरराव म्हणाले. पण झगे, दंड, उलटतपासणी हे सगळं ऐकून त्यांचा जीव सुपाएवढा झाला होता. "भाषण मला आधी ऐकव. मराठीत. मी न्यायासनावर बसतो, तू केस मांड."

ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीत ताठ बसले आणि चष्मा काढून समोर टेबलावर ठेवला. ही त्यांची कोर्टातली जुनी सवय. साक्षीदार घाबरून गप्प झाला की ते चष्मा काढून ठेवत आणि म्हणत, 'खरं ते सांगा, कुणी रागावणार नाही.' घरातही तेच. लहानपणी सुनेत्राच्या हातून काही फुटलं-तुटलं की ती आधी बाबांच्या नाकाकडे बघायची. चष्मा उतरला म्हणजे सांगायला हरकत नाही.

"चौदाव्या शतकातली गोष्ट," सुनेत्रानं सुरुवात केली. "गिल्बर्ट डी हार्लबी नावाचा राजाच्या कोर्टातला न्यायाधीश. डी हार्लबी म्हणजे हार्लबी गावचा. आजवर सगळे समजत आले की हा हार्लबीच्या जमीनदारांच्या घरातला. कारण नाव तेच, गावात जमीन, तिथल्या चर्चच्या खिडकीत घराण्याची खूण. मी म्हणते, नाही. त्याचं घर तिथून लांब, दुसऱ्याच गावात. बाप ना सरदार ना कूळ, खाऊनपिऊन सुखी, चार माणसांत मान असलेला. इंग्लंडचे बरेचसे न्यायाधीश अशाच घरांतून आलेत, बाबा. थोरल्याला जमीन मिळायची, मग धाकट्यानं काय करायचं? म्हणून गिल्बर्टला लंडनला कायदा शिकायला धाडलं."

"बरं. मग हार्लबीतली जमीन?" दिनकररावांनी वकिलाला विचारावं तसं विचारलं.

"ती त्यानं न्यायाधीश झाल्यावर विकत घेतली. खरेदीखत आहे."

दिनकररावांनी टेबलावर थाप मारली. "अगं, मग संपलंच की सगळं! बापजाद्यांची जमीन कुणी विकत घेतो का? नाव लावलं आणि तुकडा घेतला म्हणून कुणी वतनदार होत नाही. असे छप्पन्न पाहिलेत मी कोर्टात. दावा खर्चासकट फेटाळला!"

मृदुलाबाई ओट्यापाशी थालीपीठ उलटत होत्या. मागे न बघताच त्या म्हणाल्या, "मग तुम्ही हिवरगावात दोन एकर कशाला विकत घेतलीत हो?"

दिनकररावांनी चष्मा उचलला, नाकावर चढवला आणि खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

सुनेत्रानं ओठ दाबून हसू आवरलं. तिनं लॅपटॉप हळूच त्यांच्याकडे फिरवला. भाषणाचं पहिलंच चित्र म्हणजे त्या दोन एकरांवरची पाटी होती. निळ्यावर पांढरी अक्षरं: 'हिवरगावकर'.

"बाबा, हे मी तुम्हाला सरप्राइज म्हणून ठेवलं होतं. भाषण इथूनच सुरू करायचंय मला. गिल्बर्टचं कोडं मला इंग्लंडमध्ये सुटलंच नाही, आपल्या आडनावावरून सुटलं. सांगा बघू, हिवरगावात हिवरगावकर किती?"

दिनकररावांना आठवलं, जमीन बघायला ते गेले तेव्हा पारावरचा म्हातारा म्हणाला होता, 'हिवरगावकर? ह्या नावाचं हितं कुनी न्हाई बा.' ते त्यांनी भाऊबंदकीवर ढकललं होतं. कुणीतरी आपलं नाव गावातून मुद्दाम पुसून टाकलं असणार!

"एकही नाही," सुनेत्रानंच उत्तर दिलं. "कारण गावात तर सगळेच गावचे. तिथे कोण कुणाला हिवरगावकर म्हणेल? गाव सोडून दुसरीकडे गेलं की मग लोक म्हणतात, 'हे ते हिवरगावकर.' डी हार्लबीचं तसंच. नावावरून मालकी कळत नाही, बाबा. तिथून कोण निघालं, ते कळतं."

"म्हणजे आम्ही वतनदार नव्हे. आम्ही पळपुटे!"

"असं कुठे म्हणाले मी?"

"हे सगळे लोक बघणार आहेत! 'हिवरगावकर परिवार' ग्रुपवर मी लिंक टाकलीय. राजननं साताऱ्यात हॉलमध्ये पडदा लावलाय, सत्तर माणसं चहा-चिवडा खात बघणारेत. आणि त्यांच्यासमोर तू सांगणार की आपलं पहिलं वाक्यच खोटं?" त्यांचा आवाज चढला. "ते काही नाही. तुझ्या गिल्बर्टचं काय करायचं ते कर. माझं नाव भर सभेत काढायचं नाही!"

सुनेत्रानं त्यांच्याकडे बघितलं. चष्मा नाकावरच होता. "बरं," ती म्हणाली. "नाही काढणार." तिनं ते पहिलं चित्र पुसून टाकलं.

त्या संध्याकाळी मारिके भेटायला आली. उंच, हसरी पोरगी, आडनाव फान डोक्कम. मृदुलाबाईंनी आपल्या इंग्रजीत विचारलं, डोक्कम हे गाव आहे ना, तिथे तुमचं कोण असतं? "कुणीच नाही," मारिके हसून म्हणाली. "आम्ही तिथून आलो, म्हणून तर फान डोक्कम! तिथेच राहिलो असतो तर हे नाव कुणी दिलं असतं?" मृदुलाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा डच वर्तमानपत्र वाचत होता, एक अक्षर कळत नसताना.

बचावाच्या दिवशी ते सभागृहात पहिल्या रांगेत बसले. काय तो थाट! उंच रंगीत काचांच्या खिडक्या, भिंतींवर जुन्या प्राध्यापकांची चित्रं. दंडवाला पुढे आणि त्याच्यामागे काळे झगे आणि मखमली टोप्या घातलेले विद्वान एका रांगेत आले, तेव्हा सगळी सभा उठून उभी राहिली. दिनकररावांच्या अंगावर शहारा आला. त्यांच्या कोर्टात ते आत आले की लोक असेच उठायचे. आज त्यांची पोर तिथे मधोमध उभी होती, मोरपंखी पैठणी नेसून, मान ताठ. मृदुलाबाईंनी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

भाषण ठीक झालं. म्हणजे चूक काही नव्हती, पण मीठ नव्हतं. सुनेत्रा वंशावळी दाखवत होती, गावांची नावं सांगत होती, आणि मागच्या रांगेतला एक माणूस सरळ जांभया देत होता. दिनकररावांना कळत होतं की भाषणातून काय गेलंय. कुणी काढायला लावलं तेही कळत होतं. पण कॅमेरा समोर होता आणि कॅमेऱ्यापलीकडे सातारा.

मग प्रश्न सुरू झाले. तिनं पहिले दोन-तीन असे परतवले की दिनकरराव गुडघ्यावर ताल धरायला लागले. शेवटी इंग्लंडहून आलेले एक पांढऱ्या भुवयांचे प्राध्यापक उठले. गिल्बर्ट हा हार्लबीच्या जमीनदारांचाच वंशज, असं मांडणारा मोठा लेख यांचाच. ते अगदी गोड आवाजात बोलले. असा आवाज दिनकररावांना चांगला ठाऊक होता. साक्षीदाराचा गळा कापायच्या आधी मोठे वकील असाच लावतात.

"तुमचं म्हणणं," प्राध्यापक म्हणाले, "गिल्बर्टच्या घरानं हार्लबी त्याच्या शंभर वर्षं आधीच सोडलं होतं. आणि तरी न्यायाधीश झाल्यावर त्यानं तिथेच जमीन घेतली. लंडनजवळ चांगली जमीन मिळत असताना, आपलं कुणीही उरलं नाही अशा गावात! मी म्हणतो, तो आपली गमावलेली वतनं परत घेत होता. हे सरळ उत्तर आहे. तुमचं खरं मानायचं तर मला एवढंच सांगा, शहाणा माणूस असं कशासाठी करेल?"

सुनेत्रानं रीतीप्रमाणे 'अत्यंत आदरणीय परीक्षक महोदय' म्हणून सुरुवात केली. खरेदीखताचा उल्लेख केला. त्यात हार्लबीशी जुनं नातं असल्याचा शब्द नाही, हे सांगितलं.

"ते मी वाचलंय," प्राध्यापक म्हणाले. "त्यात काय नाही ते सांगू नका. कशासाठी, ते सांगा."

ती थांबली. मागे उभ्या असलेल्या गुंजननं हातातल्या प्रबंधाची पानं चाळायला घेतली, पण प्रबंधात हे उत्तर नव्हतं. जगातल्या कुठल्याच दप्तरात ते नव्हतं. ते उत्तर मफलर गुंडाळून पहिल्या रांगेत बसलं होतं. सुनेत्राची नजर हळूच तिकडे वळली, बाबांच्या नाकाकडे.

कशासाठी? दिनकररावांना कशासाठी ते माहीत होतं. सारी नोकरी बदल्यांत गेली. आज बीड, उद्या रत्नागिरी, परवा चंद्रपूर. सरकारी बंगले, भिंतींवर आधीच्या साहेबांचे खिळे. प्रत्येक गावात पहिला प्रश्न एकच, 'साहेब, मूळचे कुठले?' आणि ते छाती काढून सांगायचे, 'हिवरगावचे.' हिवरगाव त्यांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन एकर घेतले ते पिकासाठी नव्हे. इतकी वर्षं सांगितलेलं उत्तर एकदा तरी खरं व्हावं, म्हणून घेतले. यात लाजायचं काय होतं? आणि हे गिल्बर्टनं केलं असेल तर सहाशे वर्षांपूर्वीचा तो गोरा न्यायाधीश त्यांचा भाऊबंदच की! राजनपेक्षा जवळचा.

आणि आपण इथे बसून एका खऱ्या साक्षीदाराचं तोंड दाबतोय? दिनकर हिवरगावकरनं जन्मात हे कधी केलं नव्हतं.

त्यांनी चष्मा काढला. समोर टेबल नव्हतं, म्हणून गुडघ्यावर ठेवला. सगळ्या सभेला दिसेल असा.

सुनेत्राचा चेहरा असा उजळला की मृदुलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"अत्यंत आदरणीय परीक्षक महोदय," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, "असं करणारा एक शहाणा माणूस मी ओळखते. तो या सभागृहात बसलाय. माझं नाव हिवरगावकर. हिवरगावात या नावाचं एकही घर नाही, कारण आम्ही ते गाव केव्हाच सोडलं, आणि सोडलं म्हणूनच आम्हाला ते नाव मिळालं. माझे वडील न्यायाधीश होते. उभा जन्म ते परक्या गावांत न्याय करत फिरले. निवृत्त झाल्यावर त्यांनी हिवरगावात दोन एकर जमीन घेतली आणि तिथे आमच्या नावाची पाटी लावली. गमावलेलं परत घ्यायला नाही. आमच्याकडे गमावण्यासारखं तिथे काही नव्हतंच. ज्या गावानं नाव दिलं, त्या गावाला ते नाव मोठं करून नेऊन दाखवायचं, म्हणून. सहाशे वर्षांनी कुणी संशोधक येईल. नाव बघेल, जमीन बघेल, न्यायाधीशाचं पद बघेल आणि लिहील की हे हिवरगावचे वतनदार. आपण गिल्बर्टच्या बाबतीत हीच चूक केली. आणि महोदय, त्या चुकीत त्याचं खरं मोठेपण झाकून गेलं. त्याला कुणी काही दिलं नव्हतं. तो निघाला आणि झाला."

मागच्या रांगेतल्या जांभईवाल्याचं तोंड आता वेगळ्याच कारणानं उघडं होतं. पांढऱ्या भुवयांच्या प्राध्यापकांनी एकदा दिनकररावांकडे बघितलं, एकदा त्यांच्या गुडघ्यावरच्या चष्म्याकडे. मग त्यांनी डोक्यावरची मखमली टोपी उचलली आणि सुनेत्रापुढे मान लववली. "माझा लेख," ते म्हणाले, "मला पुन्हा लिहावा लागेल."

दार उघडलं. दंडवाला आत आला, दंड जमिनीवर आपटला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "होरा एस्ट!"

"चांगली होरा आहे," मृदुलाबाई पुटपुटल्या.

थोड्या वेळानं झगेवाले पुन्हा रांगेनं आले, आणि लाल गोल नळकांड्यातली पदवी सुनेत्राच्या हातात पडली. डॉक्टर हिवरगावकर! पदवी देणाऱ्या डच प्राध्यापकबाईंनी आडनाव म्हणताना जिभेची पार गाठ मारून घेतली, पण दिनकररावांना ते आजवर इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

खालच्या दालनात चीजचे तुकडे आणि मृदुलाबाईंच्या करंज्या असा चहापानाचा कार्यक्रम होता. पांढऱ्या भुवयांचे प्राध्यापक करंजी हातात घेऊन मुद्दाम दिनकररावांपाशी आले. "त्या दोन एकरांत काय लावलंय?" त्यांनी विचारलं.

"अजून तरी फक्त पाटी," दिनकरराव म्हणाले.

"गिल्बर्टनंही आधी खिडकीच बसवली होती," प्राध्यापक म्हणाले, आणि दोघे शाळेतल्या पोरांसारखे हसले.

एवढ्यात खिशातला फोन वाजला. राजन. मागे साताऱ्याच्या हॉलमधला गलका ऐकू येत होता.

"दिनकरदादा, हे काय झालं?" राजन फोनमध्ये ओरडत होता. "इथे सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत! वतन नाही, गढी नाही, आपण नुसते गाव सोडून गेलेले? आता पहिल्या वाक्याचं काय करायचं?"

"खोडायचं," दिनकरराव म्हणाले. "तुझ्या 'शूर'सकट. नवीन लिही: 'हिवरगावहून जे निघाले, ते हिवरगावकर.'"

"अहो, पण भर सभेत, परक्या मुलखात, तिनं आपलं नाव काढलं हो!"

समोर दालनाच्या मधोमध सुनेत्रा उभी होती. एका बाजूला गुंजन, एका बाजूला मारिके फान डोक्कम, आणि भोवती तिला हात मिळवायला माणसांची रांग. दिनकररावांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत. चष्मा तसाही खिशात होता.

"काढलं!" ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की मराठी न कळणारेही वळून बघू लागले. "ऐकतोयस ना, राजन? सगळ्यांना सांग तिथे. माझ्या पोरीनं नाव काढलं!"